जॉब कुणाच्या मशीनवर? संगणक समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य, संगणक समिती,
तसेच क्लस्टर वापरणारे सर्व विभागप्रमुख, प्राध्यापक आणि विद्यार्थी

स. न. वि. वि.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होते. शाळेला सुट्टी असली की मी सायकलवरून त्यांचा डबा घेऊन जायचो आणि ते जेवेपर्यंत टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून जॉब कार्डं चाळायचो. कार्डावर मटेरियल, मापं, टॉलरन्स, नग किती, एवढंच असायचं. कुठल्या मशीनवर लावायचा ती जागा रिकामी असायची आणि ती वडील पेन्सिलीनं भरायचे. एकदा नवा लागलेला पोरगा येऊन म्हणाला, "अण्णा, हा जॉब खिडकीजवळच्या मामांच्या लेथवर लावतो, त्यांचा हात चांगला आहे." वडील म्हणाले, "मामांचं राहू दे की रे बाजूला. शाफ्ट केवढा लांब आहे बघितलास काय? त्या बेडवर बसतोय काय तो?"

गेल्या बैठकीचं इतिवृत्त वाचताना मला ते स्टूल आठवलं. ठराव असा आहे की आपल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडून सगळे मिळून वापरतो त्या संगणकांत, ज्या विभागाच्या निधीतून जी मशीन्स आली, त्यांवर त्याच विभागाचे जॉब, म्हणजे संगणकाला लावलेली कामं, चालावेत, आणि त्यासाठी स्लर्ममध्ये, म्हणजे जॉब रांगेत लावून मशीन्सना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक विभागाचं वेगळं पार्टिशन, म्हणजे मशीन्सचा वेगळा गट, करावं. काम माझ्याकडे आलंय. एका संध्याकाळचं आहे. पार्टिशनच्या चार ओळी लिहायच्या, प्रत्येकीत कुठल्या अकाउंटला परवानगी ते घालायचं, स्लर्मच्या कंट्रोलरला नवी फाइल वाचायला सांगायचं, झालं. तरीही करण्याआधी बोलायचं आहे. पत्र खुलं अशासाठी की जॉबच्या स्क्रिप्ट, म्हणजे जॉब कसा चालवायचा त्याच्या सूचनांच्या फाइली, लिहिणारी मुलं बैठकीला नसतात, आणि आज जो गोंधळ आहे त्यात त्यांचा वाटा आहे. माझा तर सगळ्यात मोठा आहे, त्याकडे येतोच.

आपल्याकडे चौदा मशीन्स आहेत. सहा जुनी, मेकॅनिकलच्या प्रकल्पातून आलेली चार मोठ्या मेमरीची, संगणक विभागाची दोन जीपीयूवाली (समांतर आकडेमोडीची वेगळी चिप असलेली), सिव्हिलची दोन. त्यांना गडांची नावं देण्याची हौस माझी. राजहंसगड, भीमगड, वल्लभगड, पारगड, महिपाळगड, आजूबाजूचे सगळे गड त्या रॅकमध्ये आहेत. पुढे या नावांनी काय घोळ घालावा याची तेव्हा कल्पना नव्हती.

मागच्या पावसाळ्यात भीमगडचा मदरबोर्ड गेला. चौथ्या दिवशी एम. टेक.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. "सर, माझा जॉब तीन दिवस पेंडिंगच दाखवतोय की." रांग बघितली. पाच मशीन्स रिकामी, आणि हिचा जॉब उभा. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, मागितलेलं मशीन उपलब्ध नाही. स्क्रिप्ट उघडली तर वरून चौथ्या ओळीत नोडलिस्ट म्हणून भीमगड. नोड म्हणजे मशीन, आणि नोडलिस्ट म्हणजे जॉबला पाहिजेत त्या मशीन्सची नावं. ही ओळ कशाला घातलीस, विचारलं. तिला माहीतच नव्हतं. सीनिअरनं स्क्रिप्ट दिली होती, त्याला त्याच्या सीनिअरनं. मी मागं मागं जात राहिलो आणि शेवटी पोचलो ते माझ्याच दारात. क्लस्टर उभा केला त्या वर्षी मी मुलांना नमुन्याची स्क्रिप्ट वाटली होती. तेव्हा भीमगडवर चाचणी चालली होती म्हणून ती ओळ त्यात राहून गेली. चुलीवरच्या दुधासारखं लक्ष ठेवायचं सोडून मी पुढच्या कामाला लागलो, आणि ती ओळ पाच बॅचेस उतू गेली.

स्लर्मनं यात चूक केली नाही. ज्याच्या त्याच्या शब्दाला तो जागतो. भीमगडच पाहिजे म्हटलंत ना, मग भीमगड येईपर्यंत थांबा. याहून वाईट प्रकार सिव्हिलच्या एका मुलाचा झाला. त्यानं नोडलिस्टमध्ये तीन नावं लिहिली, मनात हे की तिघांपैकी कुठलंही चाललं. स्लर्मच्या भाषेत त्याचा अर्थ तिन्ही पाहिजेत असा होतो. एका प्रोसेसरवर चालणारा त्याचा प्रोग्राम तीन मशीन्स अडवून दीड दिवस बसला. तीन मशीन्स एकदम मोकळी होईपर्यंत त्याला थांबावं लागलं ते वेगळंच.

नावाला बांधून घेतलं की असं होतं. आपल्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदांवर बदललं, बेळगावचं बेळगावी झालं. त्यावरून आपल्याकडे काय काय होतं ते मी लिहायला नको, आणि या पत्राचा तो विषयही नव्हे. पण जुन्या फॉर्मात, शिक्क्यांत, सॉफ्टवेअरच्या ड्रॉप-डाऊन यादीत जुनं नाव ठोकून बसवलेलं, त्या प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी हेलपाटे पडले. गाव होतं तिथंच होतं. मशीनचंही तसंच. भीमगड दुरुस्त होऊन उद्या वेगळ्या नावानं आला तरी त्यातली मेमरी तेवढीच असणार, प्रोसेसर तोच असणार. जॉबला गरज असते ती त्या मेमरीची आणि प्रोसेसरची.

मग कुठलाही जॉब कुठंही सोडायचा काय? तसं माझं म्हणणं नाही. अडवायची कारणं आहेत, आणि चांगली खणखणीत आहेत.

पहिलं, प्रोसेसरची भाषा. मेकॅनिकलच्या एका विद्यार्थ्यानं त्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर कंपाईल केला, म्हणजे प्रोसेसरला कळेल अशा भाषेत उतरवला. कंपाईल करताना मार्च-नेटिव्ह हा पर्याय दिला, म्हणजे समोर जो प्रोसेसर आहे त्याला येतात त्या सगळ्या सूचना वापर. नव्या प्रोसेसरला एव्हीएक्स-५१२ हा आकडेमोडीच्या खास सूचनांचा संच येतो. इंटेलनं तो सर्व्हरच्या झिऑन मालिकेत २०१७ साली आणला. आपली सहा जुनी मशीन्स त्याआधीची. जॉब जुन्यावर पडला की पहिल्याच सेकंदाला मेला, लॉगमध्ये दोनच शब्द, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. पोरगा घाबरून आला, सर, मी काही बेकायदा केलं काय? गंमत म्हणजे कधी जॉब नव्यावर पडायचा आणि सुरळीत चालायचा, त्यामुळे आठवडाभर तो स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसला होता. इथं अडवणं रास्त आहे. पण अडवायचं कसं? नव्या मशीन्सना स्लर्ममध्ये एव्हीएक्स-५१२ अशी खूण लावायची, त्याला तिथं फीचर म्हणतात, आणि स्क्रिप्टमध्ये कन्स्ट्रेंट म्हणून ती खूण मागायची. उद्या तसली आणखी दोन मशीन्स आली तर त्यांनाही खूण लागेल आणि स्क्रिप्टला हात न लावता जॉब तिकडेही जाईल. खुणेचं स्पेलिंग चुकलं तर स्लर्म जॉब घेतच नाही, दारातच परत पाठवतो. तीन दिवस पेंडिंग ठेवण्यापेक्षा ते बरं.

दुसरं कारण आपल्या गावचं. जूनमध्ये पाऊस लागला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि आपल्या यूपीएसवर सहाच मशीन्स बसतात. दोन-दोन दिवस चालणारे जॉब त्या सहांवरच जावेत. तर 'यूपीएस' ही खूण. बॅटऱ्या बदलल्या, आणखी दोन मशीन्स यूपीएसवर घेतली, तर एका ओळीत काम होतं.

तिसरं, लायसन्स. आपल्याकडचं एक सॉफ्टवेअर एका ठरावीक मशीनच्या ओळखीला बांधलेलं आहे, दुसऱ्यावर उघडतच नाही. तिथं इलाज नाही, पण तिथंही खूण लायसन्सची लावा, मशीनचं नाव लिहू नका. ज्यांची लायसन्स सर्व्हरवरून मोजून मिळतात, त्यांच्यासाठी तर स्लर्ममध्ये लायसन्सची संख्याच सांगता येते, म्हणजे दोन असतील तर तिसरा जॉब आपोआप थांबतो.

चौथं, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं काम आपण करून देतो, कास्टिंग थंड होताना आत पोकळी कुठं राहते, रायझर (वितळलेल्या धातूचा जादा साठा) कुठं ठेवावा याचं. त्यांच्या पॅटर्नची ड्रॉइंग्ज गोपनीय आहेत आणि ती एका मशीनच्या डिस्कच्या बाहेर जाऊ नयेत असं आपण लिहून दिलंय. त्या मशीनवर दुसऱ्यांचे जॉब येऊ नयेत, पार्टिशनवर फक्त तेवढ्या अकाउंटला परवानगी असावी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. भिंत घालायचीच तर अशा ठिकाणी घालावी.

आणि एक कारण असं की जे विभागांच्या ठरावात कुठेच नाही, पण खरं तर त्याचाच त्रास सगळ्यात जास्त. अनेक मशीन्सवर मिळून चालणारा एमपीआयचा जॉब. त्यात एक मशीन नवं आणि तीन जुनी आली, तर नवं मशीन दर पावलाला जुन्यांची वाट बघत उभं राहतं. औताला एक बैल दांडगा आणि एक म्हातारा जुंपल्यासारखं. स्लर्ममध्ये याची सोय आहे. कन्स्ट्रेंटमध्ये चौकोनी कंसात 'जुनं किंवा नवं' असं लिहिलं की तो सगळी मशीन्स एकाच जातीची देतो, सगळी जुनी नाहीतर सगळी नवी. साधं 'किंवा' लिहिलं तर मिसळ. हा कंस आपल्याकडे आजवर एकाही स्क्रिप्टमध्ये मी पाहिला नाही.

आता आपला मूळ ठराव, मालकीचा. मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांचं म्हणणं मला कळतं. प्रकल्पाचा निधी त्यांनी मिळवला, अहवाल त्यांना द्यायचा, आणि सकाळी जॉब लावायला जावं तर त्यांच्याच मशीनवर दुसऱ्या विभागाचा कसला तरी लिंबूटिंबू जॉब दोन जीबी मेमरी वापरत ऐसपैस बसलेला. राग येणारच. पण भिंत घातली तर काय होईल? सेमिस्टर संपताना संगणक विभागाची मुलं रांगेत दाटीवाटीनं उभी असतील आणि पलीकडं चार मोठी मशीन्स पंखे फिरवत रिकामी. परीक्षा झाल्यावर नेमकं उलटं. पूर्वी रेल्वे स्टेशनवर प्रत्येक खिडकीची वेगळी रांग असायची. आपल्या रांगेत पुढचा माणूस सुट्ट्या पैशावरून भांडायला लागला की शेजारची रांग पळायची आणि आपण तसेच उभे. एकच रांग करून जी खिडकी मोकळी होईल तिकडं माणूस पाठवला की हे संपतं.

मेकॅनिकलची तक्रार दोन गोष्टींनी सुटते आणि दोन्ही स्लर्ममध्ये आधीपासून आहेत. एक म्हणजे वजन. प्रत्येक मशीनला एक आकडा देता येतो, आणि जॉब बसण्यासारखी अनेक मशीन्स मोकळी असली तर स्लर्म कमी वजनाचं आधी घेतो. जुन्या सहांना कमी वजन, मोठ्या मेमरीच्यांना जास्त. मग लिंबूटिंबू जॉब आधी जुन्यांवर जातील आणि मोठी मशीन्स शेवटी भरतील. कुणाला मज्जाव न करता.

दुसरी, मालकाला पहिला मान. त्याच चार मशीन्सवर दोन पार्टिशनं ठेवायची, एक मेकॅनिकलचं वरच्या दर्जाचं, एक सगळ्यांसाठी खालच्या दर्जाचं. मशीन रिकामं असेल तर कुणीही वापरा. मेकॅनिकलचा जॉब आला की पाहुण्याचा जॉब उठवून परत रांगेत पाठवायचा. पाहुण्यानं हे आधीच मान्य करून बसायचं. यावर समितीत एकानं विचारलं होतं, उठवलेल्याचं झालेलं काम वाया जाणार की. हो, ज्याला जपता येत नाही त्याचं जाणार. म्हणून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी मधूनमधून काम डिस्कवर लिहून ठेवायचं. ओपनफोम हे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे फुकट मिळतं. ते ठरावीक अंतरानं लिहीतच असतं, आणि 'शेवटच्या वेळेपासून सुरू कर' एवढी एक ओळ सेटिंगमध्ये असली की परत उचलल्यावर पुढून चालू होतं. ज्यांनी स्वतःचा प्रोग्राम लिहिलाय त्यांना थोडी मेहनत आहे. मी शिकवायला तयार आहे, शनिवारी दुपारी.

बेंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, २०२२ पासून परम प्रवेग हा महासंगणक चालतो, ३.३ पेटाफ्लॉप्स वेगाचा. त्यातले ६२४ कॉम्प्युट नोड ४२८ साधे, १५६ मोठ्या मेमरीचे आणि ४० जीपीयूचे असे मोजले जातात. एवढ्या मोठ्या संस्थेत विभाग काही कमी नाहीत, पण नोडची जात ठरते ती अंगच्या गुणावरून.

मशीनची बाजू आणि जॉबची बाजू या दोन्ही ऐकल्या पाहिजेत, ही गोष्ट सगळ्यात सुंदर सांगितली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या काँडॉर या जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आता त्याला एचटीकाँडॉर म्हणतात. लोकांच्या टेबलावरची रिकामी मशीन्स वापरायची हा त्याचा मूळ उद्योग. त्यात मशीन आपली जाहिरात देतं आणि जॉब आपली देतो. जाहिरात हा माझा शब्द नव्हे, त्यांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवरूनच ते नाव घेतलं. आपल्या रविवारच्या पेपरातल्या 'वधू पाहिजे'सारखंच. जॉब म्हणतो, मेमरी एवढी असावी, ही झाली अट. नवा प्रोसेसर असल्यास प्राधान्य, ही झाली आवड. मशीनही म्हणतं, मालक की-बोर्डवर असेल तर मी कुणाचा जॉब घेणार नाही, माझ्या विभागाचा असेल तर प्राधान्य. दोघांच्या अटी जुळल्या तरच लग्न, आणि अनेक स्थळं जुळली तर आवडीप्रमाणे. आपल्या स्क्रिप्टमध्ये आवडीच्या गोष्टी अटीच्या रकान्यात जाऊन बसल्यात, सगळा घोळ तिथं आहे. मुलगी पुण्याचीच पाहिजे म्हणून हटून बसलेल्या मुलाचं काय होतं ते आपण प्रत्येकानं आपापल्या गल्लीत बघितलंय.

संगणक विभागातल्या तरुण सरांनी बैठकीत स्लर्मऐवजी कुबर्नेटीज या कामं वाटणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पर्याय सुचवला होता, की त्यात मशीनवर टेंट, म्हणजे 'इतरांनी येऊ नये' अशी पाटी, लावला की प्रश्न मिटला. त्यांच्या लॅबमधल्या छोट्या क्लस्टरवर मी हे करून बघितलं आहे, म्हणून दोन ओळी. जीपीयूच्या मशीनला टेंट लावला की ज्याच्याकडे टॉलरेशन, म्हणजे ती पाटी असूनही जायची परवानगी, नाही असा पॉड (तिथल्या कामाचं गाठोडं) तिकडं जात नाही, हे खरं. पण टॉलरेशन दिलेला पॉड तिकडंच जाईल असं मात्र नाही. तो पास आहे. हातात पास असला म्हणून माणूस त्याच बसमध्ये चढतो असं कुठं आहे? आमचा पॉड पास खिशात घालून साध्या मशीनवर जाऊन बसला आणि जीपीयू मिळत नाही म्हणून रडत राहिला. तिकडं ओढायचं तर नोड सिलेक्टर नाहीतर अफिनिटी, म्हणजे कुठल्या खुणेचं मशीन पाहिजे ते, वेगळं लिहावं लागतं. आणि अफिनिटी फक्त जागा देताना बघितली जाते. नंतर मशीनची खूण काढली तरी चालू पॉड हलत नाही. म्हणजे साधन बदलून प्रश्न सुटत नाही, तोच विचार तिथंही करावा लागतो.

तेव्हा समितीला माझी विनंती अशी. विभागवार पार्टिशनचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा. मेकॅनिकल, सिव्हिल आणि संगणक विभागाला आपापल्या मशीनवर पहिला मान द्यावा आणि रिकाम्या वेळात ती सगळ्यांना खुली ठेवावीत. फाउंड्रीच्या कामाचं मशीन मात्र इतरांसाठी आजच बंद करावं, त्याला मी परवानगीसुद्धा मागत बसणार नाही, फक्त कळवतो. कुठल्याही मशीनवर नवं बंधन घालायचं असेल तर अर्जात एका ओळीत कारण लिहावं. 'आमचं आहे म्हणून' असं कारण असेल तर तो अर्ज पहिल्या मानाच्या यादीत जाईल. बंधनाची मुदतही लिहावी. आजच्या फाइलमध्ये एक बंधन असं आहे की ज्याचा प्रकल्प संपला, प्राध्यापक निवृत्त झाले, आणि मशीन अजून कुणाची तरी वाट बघतंय.

प्राध्यापकांना विनंती, आपल्या मुलांच्या स्क्रिप्टमधल्या नोडलिस्टच्या ओळी काढायला सांगाव्यात. आणि विद्यार्थ्यांनो, सीनिअरची स्क्रिप्ट घ्या, जरूर घ्या, पण प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारा. सीनिअरला येत नसेल तर मला विचारा. नव्या नमुन्याची स्क्रिप्ट मी सगळ्यांच्या होम फोल्डरमध्ये ठेवली आहे. तिच्यात एकाही गडाचं नाव नाही.

मंगळवारच्या बैठकीला मी कॉन्फिगरेशनच्या दोन्ही फाइली घेऊन येतो, ठरावाप्रमाणे केलेली आणि या पत्राप्रमाणे केलेली. समोर दोन्ही चालवून दाखवतो. भीमगडचा नवा मदरबोर्ड काल आला. तो बसवला की आधी चार दिवस बिनखुणेचा ठेवणार आहे. बघू या, अजून किती जण त्याला नावानं हाक मारतात.

आपला नम्र,
क्लस्टर सांभाळणारा
बेळगाव